लाल फिल्टर, पांढरं मीठ आणि मधले राखाडी: डेथ व्हॅली ते योसेमिटी

गुरुवार – झाब्रिस्की पॉइंट आणि बॅडवॉटर

कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत झाब्रिस्की पॉइंटला उजाडायच्या बरंच आधी जाऊन उभं राहावं लागतं, एक तर कठड्यापाशी जागा मिळत नाही आणि दुसरं म्हणजे फोर बाय फाइव्ह कॅमेरा (४ बाय ५ इंची सुट्या फिल्म-शीटवर फोटो काढणारा घडीचा मोठा कॅमेरा) लावायलाच वेळ जातो, ट्रायपॉड लावा, कॅमेऱ्याची घडी उघडा, लेन्सबोर्ड बसवा, केबल रिलीज जोडा, मग डोक्यावर काळं कापड घेऊन कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर उलटं चित्र शोधत बसा, आणि पुरेसं फटफटल्याशिवाय त्या काचेवर काही म्हणजे काही दिसत नाही. आजूबाजूचे फोनवाले तोवर पन्नास फोटो काढून मोकळे.

सोबत दादा होता, माझा मोठा भाऊ. त्याच्याकडेही फोर बाय फाइव्ह, माझ्याकडेही, दोघंही फक्त ब्लॅक अँड व्हाइट. या ट्रिपचं डोक्यात असं होतं की डेथ व्हॅलीतून निघून सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पूर्वेकडून वर जायचं आणि टायोगा पास या घाटाने योसेमिटीत उतरायचं, कारण ब्लॅक अँड व्हाइट लँडस्केपची अर्धी बाराखडी याच पट्ट्यात लिहिली गेलीय. आणि नियम एकच, कॅमेरे शेजारी शेजारी लावायचे पण फिल्टर कुठला, सावली किती काळी ठेवायची, डेव्हलपमेंट किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं, मध्ये बोलायचं नाही. (हा नियम सकाळीच मोडला.)

दादाबद्दल एक सांगून ठेवते, त्याचा २५ नंबरचा लाल फिल्टर (लेन्ससमोरची रंगीत काच, आपल्या रंगाचं उजळ आणि विरुद्ध रंगाचं गडद करणारी) लेन्सवरून फारसा उतरत नाही. काळं आकाश, पांढरा ढग, झालं चित्र. माझं भांडण त्याच्याशी आहेच पण खरं तर एकूणच या सवयीशी आहे, कारण कॉन्ट्रास्ट म्हटलं की आपण लगेच सगळ्यात काळं आणि सगळ्यात पांढरं यातलं अंतर बघतो, आणि मधले जे राखाडी असतात ते एकमेकांपासून सुटे दिसतायत की नाही याकडे लक्षच जात नाही. मोठी निगेटिव्ह वापरायची ती त्या मधल्या राखाड्यांसाठी, नाहीतर एवढं ओझं कशाला वाहायचं.

झाब्रिस्कीची गंमत अशी की तिथे डोळ्याला जे दिसतं ते सगळं रंगाचं असतं. जुन्या तळ्याच्या गाळाचे डोंगर आहेत ते, सोनेरी, गुलाबीसर, राखाडी पट्टे एकावर एक. डोळे बारीक करून बघितलं की कळतं, यातले बरेचसे पट्टे उजळपणात जवळजवळ सारखे आहेत. म्हणजे फिल्मवर सगळ्याचा एकच राखाडी काला. स्पॉट मीटरने (छोट्याशा जागेचा उजेड मोजणारं यंत्र) मोजलं, सगळ्यात गडद घळीपासून सगळ्यात उजळ कड्यापर्यंत अडीच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), बस. इथे रंग वेगळे करायचं काम फिल्टरचं. मी ११ नंबरचा हिरवा लावला, त्याने गुलाबी पट्टे खाली दबतात आणि सोनेरी तेवढे दबत नाहीत, म्हणजे पट्टा पट्ट्यापासून सुटा होतो. दादाने अर्थात लाल. मी म्हटलं, "दादा, गुलाबी आणि सोनेरी दोन्ही उजळून एकत्र होतील." तो म्हणाला, "अगं, आकाश बघ की!"

आणि आकाशाबद्दल त्याचं बरोबर होतं हे मान्य करायला पाहिजे. सूर्य तिथे पाठीमागून येतो, त्यामुळे उगवायच्या आधी समोर पश्चिमेला पॅनमिंट डोंगरांवर तो गुलाबी पट्टा दिसतो आणि त्याच्याखाली पृथ्वीची निळसर सावली. लाल फिल्टर गुलाबी उजळवतो, निळं गडद करतो, म्हणजे तो पट्टा चांगलाच उठून येतो. त्याचं आकाश चांगलं येणार, माझे डोंगर.

एक्सपोजरचं गणितही सांगते कारण पहाटे हे चुकवून चालत नाही. मीटर सांगत होतं एफ/३२ ला (म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक) २ सेकंद. हिरव्याला चारपट, म्हणजे ८ सेकंद. पण फिल्म लांब एक्सपोजरला आळशी होते, आमच्या दोघांकडे इलफर्डची एफपी४ प्लस होती आणि तिला मोजलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात करायचा, म्हणजे ८ चे साधारण १४. लाल आठपट, म्हणजे १६ आणि घात केल्यावर ३३ सेकंद. यात लोक एक गोष्ट विसरतात, हा आळस सावलीत जास्त असतो आणि उजेडात कमी, त्यामुळे लांब एक्सपोजरमध्ये कॉन्ट्रास्ट आपोआप वाढतो, तो वेगळा मागायला लागत नाही. म्हणून मी होल्डरवर (फिल्मची शीट ठेवायची चपटी पेटी) एन प्लस वन लिहिलं, त्याच्या वर गेले नाही.

(ज्यांना हे एन प्लस-मायनस माहीत नाही त्यांच्यासाठी, अँसल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या दोन अमेरिकन फोटोग्राफरांनी १९४० च्या सुमारास बसवलेली झोन सिस्टिम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या टोनना नंबर द्यायची पद्धत, एक नंबर म्हणजे एक स्टॉप. शून्य म्हणजे ठार काळं, दहा म्हणजे कोरा कागद, पाच म्हणजे मधला राखाडी. एक्सपोजर सावलीसाठी द्यायचं आणि डेव्हलपमेंट हायलाइटसाठी, म्हणजे उजळ भागांसाठी करायची. जास्त वेळ डेव्हलप केलं की हायलाइट वर चढतात, सावल्या जवळपास जागेवरच राहतात, ते एन प्लस. कमी केलं की एन मायनस. रोल फिल्ममध्ये सगळ्या फ्रेम एकाच पाण्यात, शीट फिल्ममध्ये प्रत्येक शीटचं नशीब वेगळं, हा खरा फायदा.)

दिवसभर काही नाही. उजेड डोक्यावर, सगळं सपाट, गाडीत डुलक्या.

संध्याकाळी बॅडवॉटर. समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात खालची जागा, आणि समोर ३,३६८ मीटरचं टेलिस्कोप पीक. सगळे कॅमेरे त्या शिखराकडे, आणि संध्याकाळी सूर्य त्याच बाजूला मावळतो त्यामुळे डोंगर काळा ठिक्कर आणि वरचं आकाश भगभगीत. मी कॅमेरा खाली झुकवला. मिठाचे ते षटकोनी-पंचकोनी तुकडे, त्यांच्या कडा बोटभर उचललेल्या, ऊन गेल्यावर वरच्या निळ्या आकाशाचा उजेड तेवढा उरलेला. लेन्स थोडी पुढे टिल्ट केली म्हणजे पायाजवळच्या मिठापासून लांबपर्यंत फोकस एका पातळीत येतो. मिठाची कड आणि आतला मळकट भाग यात दीड स्टॉपचा फरक. पांढरं मीठ सात नंबरच्या झोनवर ठेवलं, आठवर नाही, कारण आठवर गेलं की ते नुसतं पांढरं दिसतं, सातवर त्याचे दाणे दिसतात. फिल्टर काही नाही. पिवळा लावला असता तर इथला सगळा उजेडच निळा असल्यामुळे निम्म्याहून जास्त उजेड गेला असता आणि हाती काही लागलं नसतं.

शुक्रवार – मेस्किट फ्लॅटची वाळू

पहाटे स्टोव्हपाइप वेल्सजवळच्या टेकाडांवर. पार्किंगजवळची वाळू पावलांनी पार तुडवलेली असते त्यामुळे पाठीवर ओझं घेऊन आत आत जावं लागतं, वाळूत एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे. धूळ बेलोजमध्ये (कॅमेऱ्याच्या घडीच्या भात्यात) शिरू नये म्हणून कॅमेरा शेवटच्या क्षणापर्यंत पिशवीतच, होल्डर एकेक झिपच्या पिशवीत, आणि डार्क स्लाइड (होल्डरचं सरकतं झाकण) ओढायची ती वाऱ्याकडे पाठ करून, हळू, खसकन ओढली की आत धूळ उडते आणि मग प्रिंटमध्ये आकाशभर काळे ठिपके टचअप करत बसा.

सूर्य वर आला की टेकाडाची एक बाजू उजळ, एक बाजू सावलीत, मधली धार सुरीसारखी. उजळ वाळू आणि सावली यात मीटरवर तीन स्टॉप. तीन म्हणजे काहीच नाही, अगदी आरामात बसतं. पण हे आकडे फिल्टरशिवायचे. वाळूवर पडतं ते पिवळसर ऊन आणि सावलीत येतो तो फक्त निळ्या आकाशाचा उजेड. लाल फिल्टरने ऊन जवळपास तसंच आत येतं आणि निळा उजेड दारातच अडतो, म्हणजे फिल्टरच्या डब्यावर लिहिलेले तीन स्टॉप उन्हातल्या वाळूला पुरतात, सावलीला पुरत नाहीत, ती आणखी स्टॉप-दीड स्टॉप खाली जाते. तुम्ही सावली चार नंबरवर ठेवली म्हणून खूश असता आणि फिल्मवर ती अडीचवर पोचलेली असते. हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि निम्म्या लोकांच्या निगेटिव्हमध्ये दिसतं. मीटरसमोर फिल्टर धरून मोजलं की साधारण अंदाज येतो, अगदी काटेकोर नाही, कारण मीटरचा डोळा आणि फिल्मचा डोळा वेगळा.

दादाने हे सगळं माहीत असून मुद्दाम लाल लावला. त्याला ती सावली काळीच हवी होती. आणि सांगते, इथे मला ते पटलं. कारण टेकाडात बघायला आहे काय, तर एक वळणदार रेघ, आणि रेघ दाखवायची तर एका बाजूला काळं असलं तर ती नीट कळते. मी मात्र पिवळा ८ नंबर लावला, सावलीतल्या वाऱ्याने उठलेल्या बारीक लाटा मला हव्या होत्या, त्या तीन-साडेतीनवर ठेवल्या. दोन वेगळी चित्रं आहेत ही. त्याच्यात वाळू कळत नाही, आकार कळतो. माझ्यात वाळू कळते पण लांबून बघितलं तर धार तेवढी झणझणीत नाही.

ऊन चढलं, आम्ही निघालो. लोन पाइनला संध्याकाळी पोचून झोप.

शनिवार – अलाबामा हिल्स

लोन पाइनच्या पश्चिमेला अलाबामा हिल्सचे गोल गोल दगड आणि त्यांच्या मागे एकदम उभी सिएराची भिंत, माउंट व्हिटनी ४,४२१ मीटर. भिंतीचं तोंड पूर्वेला, त्यामुळे पहिलं ऊन शिखरांवर पडतं आणि खालचे दगड बराच वेळ सावलीत. शिखर आणि दगड यात सहा स्टॉप निघाले. आता खरा प्रश्न. दगड तिसऱ्या झोनवर ठेवले तर शिखरं नवव्यावर जातात, म्हणजे ग्रॅनाइटवरचे तडे जवळजवळ गायब. एन मायनस वन केलं की आठवर येतात. मग सगळं मावतं, सगळं दिसतं, आणि चित्र जरा मलूल होतं, कारण डेव्हलपमेंट कमी केली की फक्त वरचं टोक खाली येत नाही, मधले राखाडीही एकमेकांच्या जवळ सरकतात. एन मायनसबद्दल हे कुणी फारसं बोलत नाही. दोन टोकं वाचवायला मधल्याचा बळी.

दुसरा रस्ता म्हणजे दगडांना जाऊ द्यायचं. अ‍ॅडम्सने १९४४ मध्ये लोन पाइनहूनच काढलेला हिवाळ्यातला सूर्योदय आहे ना, त्यात मधल्या टेकड्यांचा पट्टा जवळजवळ काळाच आहे, पुढे उन्हाची एक तिरीप आणि मागे बर्फाची भिंत. त्या टेकड्यांवर गावच्या हायस्कूलच्या मुलांनी दगडांना चुना फासून एल आणि पी ही भलीमोठी अक्षरं काढलेली होती, ती त्याने निगेटिव्हवरूनच काढून टाकली आणि तसं स्वतःच सांगूनही ठेवलं. यावर आमचा गाडीत वाद झाला. दादाचं म्हणणं, ही लबाडी झाली. मला तसं वाटत नाही, टेकडी दुसऱ्या झोनवर नेऊन तिच्यावरची झुडपं काळ्यात बुडवली तर कुणी काही म्हणत नाही, आणि दोन अक्षरं बुडवली की लबाडी? वाद मिटला नाही.

मी अक्षरशः दोन्ही केलं. एक शीट दगड तिसऱ्यावर आणि एन मायनस वन. दुसरी शीट दगड दुसऱ्यावर, डेव्हलपमेंट नॉर्मल, शिखरं आठवर. दुसरीबद्दल मला जास्त खात्री आहे. दगडांचे आकार काळ्यातही ओळखू येतात, त्यांच्यातलं प्रत्येक खाचखळगं दाखवायची गरज नाही, आणि नॉर्मल डेव्हलपमेंटमुळे ग्रॅनाइटचे पाच-सहा वेगवेगळे राखाडी सुटे सुटे राहतात.

रविवार – मोनो लेक

हायवे ३९५ ने वर लीव्हायनिंग. इथे हवा पालटली, सगळीकडे पातळ ढग, सावली नाही, वारा नाही. बरेच फोटोवाले आले, बघितलं आणि गेले. दादासुद्धा म्हणाला, "आज काही खरं नाही, मढ्यासारखा उजेड आहे." मला या संपूर्ण ट्रिपमध्ये सगळ्यात चांगला उजेड हाच मिळाला.

साउथ टुफाला काठावर ते चुनखडीचे सुळके उभे आहेत. तळ्याच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे यायचे, त्यातलं कॅल्शियम आणि तळ्याच्या पाण्यातलं कार्बोनेट एकत्र येऊन हे पाण्याखाली तयार झाले, आणि १९४१ पासून लॉस एंजेलिसने तळ्याला येणारे ओढे वळवले तेव्हा पाणी उतरलं आणि हे उघडे पडले. १९९४ मध्ये पाण्याची पातळी परत वाढवायचा निर्णय झाला. म्हणजे जे एवढे फोटोजेनिक वाटतं ते खरं तर तळ्याच्या आजारपणाचं लक्षण, हे कॅमेरा लावताना डोक्यात राहतं.

मोजलं. सुळक्यांतली गडद भोकं, सुळक्यांचं अंग, पाणी, आकाश. सगळं मिळून तीन स्टॉप, आणि भोकं सोडली तर पाणी, आकाश आणि सुळके एकमेकांच्या एका स्टॉपच्या आत. झोन सिस्टिमचं पुस्तक घोकलेला माणूस इथे लगेच म्हणेल, एन प्लस टू करा, ताणून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत न्या. दादाने तेच केलं. मी नाही केलं. कारण इथे जो होता तो शांतपणा त्या सगळं जवळजवळ असण्यातच होता, ताणलं की तो ढगाळ दिवस राहत नाही, दुसरंच काहीतरी होतं.

पण नुसतं नॉर्मल करून सोडलं की चित्र चिखल. हीच तर अवघड जागा. लो कॉन्ट्रास्ट म्हणजे राखाडी धुकं नव्हे, लो कॉन्ट्रास्टमध्ये शेजारचे दोन राखाडी जास्तच नीट वेगळे दिसायला लागतात कारण लपायला काळं-पांढरं काही नाहीये. म्हणून मी जागा बदलत राहिले. आधी सुळका मागच्या आकाशावर होता, सुळका साडेपाच, आकाश सहा, कड हरवत होती. चार पावलं डावीकडे आणि ट्रायपॉड हातभर खाली केला तर तोच सुळका लांबच्या काठाच्या गडद पट्ट्यासमोर आला, म्हणजे साडेपाचच्या मागे साडेचार, कड एकदम कापल्यासारखी स्वच्छ. डेव्हलपमेंटने जो फरक आणायला सगळं चित्र ताणावं लागलं असतं तो पाय हलवून मिळाला, आणि बाकीचे राखाडी होते तसे राहिले. मोठ्या कॅमेऱ्यावर लोक हे टाळतात कारण ट्रायपॉड हलवायचा म्हणजे परत सगळं लेव्हल, परत टिल्ट, परत फोकस. आळस.

सगळ्यात उजळ टोन मी साडेसहावर ठेवला. कागदाचा कोरा पांढरा कुठेच नाही. आणि काळ्याकडे झुकणारा एकच टोन, त्या भोकांमध्ये, तोही अगदी थोडा, त्याच्यामुळे बाकीचं राखाडी राखाडी न वाटता उजेड वाटतो. एवढंसं काळं पुरतं. डेव्हलपमेंट एन प्लस हाफ, याच्यावर दादा हसला, "अर्धं काय करतेस, पाव कर."

सोमवार – टायोगा पास, योसेमिटी

पास हिवाळ्यात बंद असतो, आम्हाला उघडा मिळाला. ३,०३१ मीटरवर आकाश इतकं गडद निळं की लाल फिल्टर लावला तर आकाश आणि काळं कापड यात फरक राहणार नाही, दादानेही तिथे गुपचूप पिवळा काढला, मी काही बोलले नाही. खाली लीव्हायनिंग कॅन्यनमध्ये अ‍ॅस्पेनची पानं पिवळीधमक होती, डोळ्याला निळ्यावर पिवळं म्हणजे केवढा फरक, पण फिल्टरशिवाय फिल्मवर दोन्ही एकाच राखाडीत बसतात. पिवळा लावला की पान वर, आकाश खाली. बस, पुढे.

योसेमिटी दरीवरच्या टनेल व्ह्यूला दुपारी पोचलो. दरी धुरकट होती, एल कॅपिटनचा कडा ठीक, मागचा हाफ डोम डोंगर जेमतेम. इथे दोन रस्ते आहेत आणि दोन्हीला इतिहास आहे. १० एप्रिल १९२७ ला अ‍ॅडम्सने हाफ डोमच्या कड्याचा फोटो काढला, आधी पिवळ्या फिल्टरने, मग त्याला वाटलं की कडा जसा अंगावर येतोय तसं हे दिसणार नाही, म्हणून उरलेल्या शेवटच्या काचेच्या प्लेटवर गडद लाल फिल्टर, आणि आकाश जवळजवळ काळं. लाल फिल्टरवाल्यांचं सगळं घराणं त्या एका प्लेटपासून. दुसरा रस्ता त्याच्या कितीतरी आधीचा. कार्लटन वॉटकिन्स हा फोटोग्राफर १८६१ मध्ये इथे १८ बाय २२ इंची काचेच्या प्लेट घेऊन आला होता, त्या वेळच्या ओल्या प्लेटला फक्त निळा आणि त्याच्या पलीकडचा उजेड कळायचा, त्यामुळे आकाश कोरं पांढरं आणि लांबचा प्रत्येक डोंगर पुढच्यापेक्षा फिकट. त्याला पर्याय नव्हता हे खरं, पण त्या फोटोंत दरी किती खोल आहे हे लगेच कळतं, कारण खोली कळते ती हवेमुळे, आणि लाल फिल्टर सगळ्यात आधी हवा खातो.

मी इलफर्डची ऑर्थो प्लस लावली, हिला लाल दिसतच नाही. त्यामुळे धुरकटपणा डोळ्याला होता त्याहून जास्त आला. पुढची झाडं तिसऱ्या झोनवर, एल कॅपिटनचा उन्हातला भाग सातवर, हाफ डोम सहाच्या आसपास, आकाश जवळजवळ कोरं. दादाने शेजारीच लाल लावून धूर कापला, त्याच्या फोटोत हाफ डोमवरची प्रत्येक भेग येईल आणि तो एल कॅपिटनच्या शेजारी उभा असल्यासारखा दिसेल. "बघ, किती शार्प," म्हणाला. शार्प आहेच, पण मधली दरी कुठे गेली?

घरी आल्यावर पहिल्यांदा मोनो लेकच्या शीट्स डेव्हलप केल्या. माझी दोन नंबरच्या ग्रेडच्या (मधल्या कॉन्ट्रास्टच्या) कागदावर थेट छापली गेली, फक्त पाण्याच्या खालच्या भागाला जरासं बर्न (छापताना जास्त उजेड देऊन गडद करणं). दादाची एन प्लस टूवाली ग्रेड एकवर उतरवावी लागली, म्हणजे आधी ताणलं आणि मग कागदावर सैल केलं. झाब्रिस्कीचं आकाश मात्र त्याचंच चांगलं आलंय. त्याच्या टनेल व्ह्यूच्या शीट्स अजून व्हायच्यात, तो म्हणतो एन प्लस वन, मी म्हणते लाल फिल्टरने आधीच केवढा चढवलाय कॉन्ट्रास्ट, नॉर्मलच कर, पण डबा त्याच्याकडे आहे आणि तो माझं ऐकणार नाही.